देवाच्या मागची भिंत

कशेळ्याच्या बाजारात मडकं घ्यायला आलेली बाई आधी मडक्याला टिचकी मारते. आवाज बद्द आला की मडकं खाली ठेवते आणि पुढच्या दुकानाकडे जाते. मडकेवाल्याला त्यात अपमान वाटत नाही, उलट तो स्वतःच दुसरं मडकं उचलून वाजवून दाखवतो. कलिंगड कानाशी धरून दाबतात, कोंबडीचं पोट चाचपतात, बैल घेताना तर त्याचं तोंड उघडून दात बघतात. मुलगी बघायला गेलेली माणसं काय काय बघतात ते मी इथे लिहीत नाही, कारण मग मूळ गोष्ट राहून जाईल. पण घर विकत घेताना आमच्या याच माणसांच्या हाताला काय लकवा मारतो कळत नाही. घरात शिरतात, खुर्चीवर बसतात, चहा पितात, ‘हवा छान खेळती आहे हो’ म्हणतात आणि निघताना शब्द देऊन येतात. घर पाहावं बांधून, अशी म्हण आहे आमच्यात. विकत घेताना पाहावं असं मात्र कुणी म्हणून ठेवलेलं नाही, आणि मी ते म्हटलं तर काय झालं ते आठवून माझं डोकं अजून तापतं.

आमचं मूळ गाव पोशीर. गावातलं घर काकांच्या वाटणीला गेलं तेव्हा आम्ही दोघी, म्हणजे मी आणि आई, शेलूला तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. दादा, माझा मोठा भाऊ, कर्जतमध्ये दोन खोल्यांत बायको-मुलांसह राहतो, तिथे आणखी माणूस मावत नाही. मी कर्जतलाच एका औषधाच्या दुकानात काउंटर सांभाळते. शेलूची ही इमारत दाखवताना बिल्डरच्या माणसाने जिन्याशेजारचा खड्डा दाखवला होता आणि इथे लिफ्ट येणार असं सांगितलं होतं. खड्डा अजून आहे. पावसाळ्यात त्यात पाणी भरतं, डास होतात, आणि सोसायटीच्या सभेत दर वर्षी त्या खड्ड्याभोवती कठडा घालायचा ठराव होतो. लिफ्टचा विषय आता कुणी काढतच नाही.

आईला दमा आहे. जिना चढायचा तर ती चार पायऱ्या चढते, थांबते, कठड्याला धरून तोंडाने श्वास ओढते, आणि तो ओढलेला श्वास ऐकला की वरच्या-खालच्या मजल्यांवरची दारं उघडतात. तिला ते आवडत नाही. म्हणून तिने खाली उतरणंच सोडलं. भाजीवाला आला की खिडकीतून दोरीला पिशवी बांधून सोडायची, त्याच्याशी वरूनच भाव करायचा, एवढाच तिचा बाहेरच्या जगाशी व्यवहार उरला होता. ज्या बाईने सगळं आयुष्य भातखाचरांत काढलं, तिचे पाय वर्षभर फरशी सोडून कशाला लागले नव्हते. ती तक्रार करायची नाही. फक्त मी कामाला निघताना कधी कधी म्हणायची, “खालचं घर बघ गं माझ्यासाठी. वट्यावर बसंन.” तेवढंच तिचं मागणं होतं, आणि ते मला पुरं करायचं होतं.

पण खालचं घर म्हणजे कुठलंही खालचं घर नव्हे. औषधाच्या दुकानात बसून मला एक गोष्ट नीट कळली आहे. पावसाळा संपला की दम्याचे पंप कुठल्या वसाहतींमधून जास्त मागायला येतात ते मी डोळे मिटून सांगू शकते. ज्यांच्या भिंती ओल्या, त्यांची छाती भरलेली. आईच्या डॉक्टरांनीही हेच बजावलं होतं, की जिना एक वेळ चालेल, पण ओलीच्या खोलीत ही बाई एक पावसाळा काढणार नाही. तेव्हा घर खाली हवं आणि कोरडं हवं, या दोन अटी होत्या. तिसरी अट आम्हाला परवडणारीही नव्हती.

दादाला घर सापडलं ते खालापूरच्या बाजूला. बैठं, छोटं अंगण, पुढे ओटा, मागच्या भिंतीला लागून भाताचं खाचर. घर कुणाचं, तर दादाला शाळेत शिकवलेल्या गुरुजींचं. गुरुजी आणि त्यांच्या पत्नी आता पुण्याला मुलाकडे जाणार होते. मी पहिल्यांदा घर बघायला गेले ते दिवाळीनंतर. सगळ्या भिंतींना ताजा रंग होता. दिवाळीला सगळेच रंग देतात, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. मागची खोली मोठी, खिडकीतून खाचर दिसणारी. दादा म्हणाला, ही आईची खोली. मलाही तेच वाटलं होतं. ओट्यावर बसून बघितलं तर समोर रस्ता, येणारी-जाणारी माणसं, कोंबड्या. आई इथे बसून सगळ्या आळीला नावं ठेवेल असं मनात आलं आणि मला इतका आनंद झाला की मी उगाचच हसले.

दादाने त्याच बैठकीत शब्द देऊन टाकला.

वाटेत मी त्याला म्हटलं, घर तपासून घेऊ. आमच्या दुकानात येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी कर्जतला बंगला घेण्याआधी पनवेलच्या एका इंजिनिअरला बोलावून सगळं घर तपासून घेतलं होतं. तो भिंती, छप्पर, नळ, वायरिंग सगळं बघतो आणि काय धड आहे, काय नाही ते सांगतो. दादाने स्कूटर थांबवली. त्याचा चेहरा मी गुरुजींना शिवी दिल्यासारखा झाला होता. ज्या माणसाने आपली परीक्षा घेतली, त्याची आता आपण परीक्षा घ्यायची का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, गुरुजींची नाही रे, भिंतींची. तो म्हणाला, एकच आहे ते. मग वहिनीने फोन करून सांगितलं की असं करू नका, लोक काय म्हणतील. काकांनी पोशीरहून निरोप धाडला की घराला डॉक्टर आणायची पद्धत आपल्यात नाही. माझ्या आईला डॉक्टर आणायची वेळ आली तेव्हा यातलं कुणी रात्री-अपरात्री जिना चढून आलं नव्हतं, पण सल्ला द्यायला सगळे हजर.

मी हटले नाही. पैसे दोघांचे जाणार होते, तेव्हा दादाला माझ्याशिवाय पुढे जाता येईना. शेवटी त्याने मान खाली घालून गुरुजींना विचारलं. गुरुजी फोनवर अतिशय गोड बोलले. या, खुशाल या, म्हणाले. आम्ही आयुष्यभर मुलांचे पेपर तपासले, आता आमचा पेपर तुम्ही तपासा. दादा तो फोन ठेवून माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मीच नापास झाले होते.

ठरलेल्या रविवारी सकाळी इंजिनिअर आला. मध्यम वयाचा, कमी बोलणारा माणूस. दारात बूट काढून त्याने पाय धुतले, म्हणजे तिथे बोट ठेवायला जागा नव्हती. पिशवीतून त्याने बॅटरी, छोटी हातोडी आणि हातात मावेल एवढं एक यंत्र काढलं. त्या यंत्राला पुढे दोन टोचण्या होत्या. भिंतीला टेकवलं की आकडा दाखवायचं आणि ओल असली की टिवटिवायचं. पुढच्या खोलीत ते गप्प राहिलं. गुरुजी आरामखुर्चीत बसून हसत होते, काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, पोह्यांची तयारी करत होत्या, आणि दादा माझ्यापासून लांब, दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

न्हाणीघरात इंजिनिअरने हातोडीने फरशी वाजवली आणि म्हणाला, “इथे टाइल पोकळ आहे. खाली पाणी जात असणार.”

स्वयंपाकघरातून काकू हातातली सुरी घेऊनच आल्या. “अहो, घरात असं बोलू नये हो,” त्या म्हणाल्या. “वास्तू तथास्तु म्हणते.”

आता हे मलाही लहानपणापासून ऐकून पाठ आहे. घर आपलं बोलणं ऐकत असतं आणि ‘तसंच होवो’ म्हणतं, म्हणून घरात वाईट बोलू नये. आई भांडणात कधी ‘मर’ म्हणायची नाही ती याचमुळे, आणि त्यात एक शहाणपण आहे हे मी मान्य करते. पण नळ गळतो असं म्हटल्याने नळ गळत नाही. काकूंनी मात्र पदर डोक्यावरून घेतला, दादाने ‘चांगलं बोला ना साहेब’ म्हटलं, आणि गुरुजींनी खुर्चीतूनच तोडगा काढला की काही दोष दिसला तर फाटकाबाहेर जाऊन बोला. इंजिनिअर माझ्याकडे बघू लागला. मी तरी काय सांगणार. त्याच्या इतक्या वर्षांच्या कामात त्याला लोकांनी शिव्या दिल्या असतील, कुत्री सोडली असतील, पण बोलायला फाटकाबाहेर नेलं ते पहिल्यांदाच.

मग सुरू झाली आमची वारंवार ये-जा. इंजिनिअर छप्पर बघायचा, मला खूण करायचा, आम्ही चपला घालून अंगण ओलांडून फाटकाबाहेर जायचो, तिथे तो सांगायचा की पन्हळीचा उतार उलटा आहे. परत आत यायचो. मीटरच्या पेटीकडे बघून परत खूण. परत फाटक. अर्थिंग नाही. शुभ बोल रे नाऱ्या म्हणतात, तसा त्या बिचाऱ्याचा नाऱ्या झाला. आणि मजा अशी की वास्तूने ऐकू नये म्हणून आम्ही जे रस्त्यावर उभं राहून बोलत होतो ते समोरच्या घरातल्या दोघी-तिघी धुणं वाळत घालायचं सोडून ऐकत होत्या. एकीने तर मला हळूच विचारलं, “काय गं, पानी गळतंय का घरात?” चार भिंतींपासून लपवलेलं सगळ्या आळीला कळलं होतं. मला आतून उकळी फुटत होती. वास्तू जर खरंच प्रत्येक बोलण्याला तथास्तु म्हणत असेल तर मग सिमेंट कशाला आणायचं, सकाळ-संध्याकाळ दारात उभं राहून ‘भिंत कोरडी आहे, भिंत कोरडी आहे’ म्हणत बसावं.

तरीही सांगते, तोवर जे निघालं होतं त्यात घर सोडावं असं काहीच नव्हतं. टाइल बदलता येते, पन्हळ बदलता येते. इंजिनिअरही तेच म्हणाला. मी मनातून सैल झाले होते. राहिली होती मागची खोली.

मागच्या खोलीत खाचराकडच्या भिंतीशी देवघर होतं. चांगलं उंच, लाकडी, भिंतीला पाठ लावून उभं केलेलं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीपर्यंत लाल मखमलीचे पडदे. पहिल्या दिवशी मी त्याला नमस्कार केला होता आणि पुढे आले होते. इंजिनिअरने खोलीच्या बाकीच्या भिंतींना यंत्र लावलं. खिडकीखाली ते एकदा टिवटिवलं. तो देवघराकडे वळला तशी गुरुजींची खुर्ची वाजली आणि ते स्वतः उठून खोलीत आले.

“तिथे नाही,” ते म्हणाले. “तिथे देव आहेत.”

इंजिनिअरने हात मागे घेतला. मग तो चालू लागला आणि मी त्याच्या मागून फाटकाबाहेर गेले. तिथे त्याने सांगितलं की ज्या भिंतीला माती आणि पाणी लागून आहे ती हीच भिंत, आणि देवघरामागची तीच बघायला मिळत नाही. जी भिंत मी बघितली नाही ती चांगली आहे असं मी लिहून देणार नाही, बघितली नाही एवढंच लिहीन, असं म्हणाला. त्याचं बरोबर होतं. मी आत आले आणि पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले.

तिथे पूर्वेकडच्या भिंतीत एक कोनाडा होता. कोनाड्यात आता चहा-साखरेचे डबे होते. पण डब्यांच्या वर, नव्या पिवळ्या रंगातून, एक तपकिरी डाग वर आला होता. ज्यांच्या घरात रोज दिवा लागतो त्यांना तो डाग ओळखू येतो. तेलाचा आणि काजळीचा डाग कितीही रंग मारा, तो रंगातून वर येतोच. मी काकूंना विचारलं, देव आधी इथे होते का. काकूंनी गुरुजी कुठे आहेत ते बघितलं आणि बारीक आवाजात म्हणाल्या, होते, दिवाळीच्या आधी आत नेले, यांनीच नेले. मी पुढे विचारलं नाही. त्या बाईला त्याच घरात संध्याकाळ काढायची होती.

मला तेव्हा जो राग आला तो कसा सांगू. भिंत ओली असणं हा गुन्हा नाही. आमच्या भागात आकाश फाटतं, जोत्यात ओल चढते, कुणाचं घर सुटलंय. गुरुजींनी सांगितलं असतं, बाई गं, मागच्या भिंतीला ओल आहे, भाव कमी करतो, तर मी त्यांच्या पाया पडले असते आणि दुसरं घर शोधलं असतं, किंवा हेच घेऊन भिंत दुरुस्त केली असती. पण ज्या देवांची त्यांनी चाळीस-पन्नास वर्षं पूजा केली ते उचलून त्यांनी पोपड्यांसमोर पडदा म्हणून उभे केले. कोरड्या कोनाड्यातून काढून ओलीत बसवले. का, तर आम्ही हात लावणार नाही याची त्यांना खात्री होती. आमची भक्ती त्यांनी पुट्टीसारखी वापरली. आणि ती खोली आईची होती.

मी न्हाणीघरात जाऊन हातपाय धुतले. काकूंकडून ताम्हन आणि चिमूटभर अक्षता मागून घेतल्या. काकूंनी लगेच आणून दिल्या. मागच्या खोलीत जाऊन मी देवघरासमोर बसले, अक्षता वाहिल्या, परत या असं म्हणून देव हलवायची आईने शिकवलेली रीत पुरी केली आणि एकेक देव उचलून ताम्हनात ठेवू लागले. दादा ओरडला नाही. त्याच्या तोंडातून नुसती हवा बाहेर पडली. गुरुजी पुढे आले, पण एका बाईचा हात धरायचा कसा, तिथे त्यांची सभ्यता आडवी आली. देवांखालचं वस्त्र माझ्या हाताला थंड लागलं. टाकांच्या मागे हिरवा थर चढला होता. मी पदराने त्यांचं पाणी टिपलं आणि ताम्हन नेऊन स्वयंपाकघरातल्या कोनाड्याखाली पाटावर ठेवलं. मग इंजिनिअरला म्हटलं, आता हे नुसतं लाकूड आहे, सरकवा.

देवघरामागे प्लायवूडची फळी होती. फळी फुगली होती, तिच्या कडेने काळी बुरशी वर चढली होती. ती हलवल्यावर जी भिंत दिसली तिला रंग लावायचेही कष्ट कुणी घेतले नव्हते. पोपडे सुटून विटा उघड्या पडल्या होत्या आणि खाली जमिनीशी मीठ फुटावं तसा पांढरा फुलोरा आला होता. इंजिनिअरने यंत्र टेकवलं आणि ते टिवटिवत राहिलं, त्याने काढून घेईपर्यंत थांबलं नाही. मला त्या वासानेच खोकला आला. माझ्या धडधाकट छातीची ही गत, तर आईचं काय झालं असतं.

फाटकाबाहेर जायची आता कुणालाच आठवण राहिली नव्हती.

मी गुरुजींकडे बघितलं. मला वाटलं होतं ते आता खजील होतील, काहीतरी कारण सांगतील. ते ताठ उभे होते. वर्गात एखाद्या मुलीने मध्येच प्रश्न विचारावा तसं माझ्याकडे बघून ते म्हणाले, “ताई, देवाच्या मागे बघायचं नसतं.”

चोर तो चोर वर शिरजोर. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधी दादा पुढे झाला. मला वाटलं आता हा बोलेल. त्याने वाकून गुरुजींच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, “माफ करा गुरुजी. ती अशीच आहे.” उघड्या पडलेल्या त्या काळ्या भिंतीसमोर, तिचा वास नाकात जात असताना, माझ्या भावाने त्या माणसाची माफी मागितली. त्या दिवशीच्या सगळ्या गोष्टींपैकी मला हीच सहन होत नाही.

घर घेतलं नाही, हे सांगायला नको. आईला मी एवढंच म्हटलं की भिंतीला ओल निघाली, दुसरं बघू. ती ‘बरं’ म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. दादाने येणं बंद केलं. आणि बघता बघता गोष्ट उलटली. ओल्या भिंतीचं नाव कुणी काढीना, माझं मात्र सगळीकडे निघालं. दुकानात औषध घ्यायला आलेली माणसं चिठ्ठी पुढे करताना मला निरखून बघायची. एका म्हातारीने सरळ विचारलं, “देव उचलनारी ती तूच का गं?” मी म्हटलं, हो आजी, मीच, आणि या गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या. काय करणार, काउंटरवर उभं राहून भांडता येत नाही. गुरुजींनी देव दोनदा हलवले, एकदा दिवाळीआधी आणि बहुधा माझ्यानंतर परत त्याच ओलीत, पण देव उचलणारा असं त्यांना कुणी म्हटलं नाही.

काही आठवड्यांत ते घर विकलं गेलं. घेणारं कुटुंब मुंबईकडचं, बरोबर लहान बाळ. मला समोरच्या घरातल्या त्याच बाईकडून कळलं. मी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम गेले. टेंपोतून सामान उतरत होतं. बाळाची आई फाटकाशी उभी होती, तिला मी बाजूला घेऊन सांगितलं की मागच्या खोलीची खाचराकडची भिंत एकदा बघा, बाळाला तिथे झोपवू नका. तिने माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं. मग ती अगदी नम्रपणे म्हणाली की गुरुजींनी आम्हाला सांगितलं होतं, एक ताई येतील म्हणून, त्यांना हे घर हवं होतं आणि मिळालं नाही. आज पहिला दिवस आहे, तेव्हा दारात असं बोलू नका. मी तिथून निघाले ती हमरस्त्यापर्यंत चालतच आले. रिक्षावाले हाका मारत होते, पण मला कुणाशी बोलायची इच्छा नव्हती.

त्याच संध्याकाळी दादा शेलूला आला. तीन मजले चढून आल्यामुळे आधीच धापा टाकत होता, त्यात रागाची भर. तो बसला नाही. म्हणाला, गेलीस ना आज तिथे परत, गुरुजींचा फोन आला होता मला. त्या लोकांनी घर घेतलं, काही तपासलं नाही, काही विचारलं नाही, आनंदाने राहायला आले. तुझ्यामुळे आपलं गेलं. आणि मग आईकडे वळून त्याने ते सांगितलं जे मी इतके दिवस तिला सांगितलं नव्हतं. “आई, हिने दुसऱ्याच्या घरात शिरून त्यांचे देव हलवले. देवघर सरकवलं. मला तिथे तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. मी शब्द दिला होता गुरुजींना.”

आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. रोज सकाळी पलंगावरून उठायला त्रास होतो तरी देवांना फूल वाहिल्याशिवाय चहा न घेणारी ही बाई. तिने माझं काही चुकलं म्हटलं असतं तर मला बोलायला जागा नव्हती. दादा तिच्या तोंडाकडे बघत होता, मीही बघत होते.

तिने आधी पंप तोंडात धरून एक श्वास ओढला, तो आत धरून ठेवला आणि सोडला. मग मला विचारलं, “देव वले होते का गं?”

मी म्हटलं, होते. खालचं वस्त्र गार होतं. टाक मागून हिरवे पडले होते, मी पुसून ठेवले.

“कोरड्यात ठेवलेस ना?”

“हो.”

“मंग बरं केलंस,” ती म्हणाली. दादा काही बोलणार होता, तिने हात वर करून त्याला थांबवलं. पुढचं बोलायला तिला मध्ये दोनदा थांबावं लागलं, पण आवाज चढला नाही. “देव वले झाले तरी चालंल. मी वली झाले तरी चालंल. तुजा शब्द तेवढा सुका राह्यला पायजे, व्हय रं?”

दादा खाली बसला. पलंगाच्या पायाशी, फरशीवर. मी त्याला चहा विचारला नाही, मला तो विचारावासा वाटला नाही. आईने उशी सारखी केली, खिडकीतून खाली एकदा बघितलं आणि आम्हा दोघांनाही म्हणाली, “बघा आता दुसरं. ठोकून बघा, देव हलवून बघा, कसं पन बघा. पन माज्यात दम हाय तवर बघा.”